काकूचा टाका चुकीचा नाहीये

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग बसमध्ये, मेट्रोत उभं राहून ऐकलात तरी चालेल, पण घरी असाल आणि सुयांवर काही चढवलेलं असेल तर ते हातात घ्या. मी मधेमधे "आता हे बघा" म्हणणार आहे, आणि बघायला काहीतरी असलेलं बरं.

मफलरचा भाग केल्यापासून मला एकाच प्रकारचे मेसेज येतायत. फोटो असतो, आणि खाली लिहिलेलं असतं, "ताई, व्हिडिओत दाखवलंय अगदी तसंच करतेय, पण टाके मांडी घालून बसल्यासारखे दिसतात. सरळ का दिसत नाहीत?" आणि त्यातल्या निम्म्या मेसेजमध्ये पुढचं वाक्य असतं, "आई म्हणते असं विण, व्हिडिओतली बाई म्हणते तसं विण. मी कोणाचं ऐकू?"

छोटं उत्तर असं की दोघींचंही बरोबर आहे, फक्त अर्धं हिचं आणि अर्धं तिचं घेऊ नका. मोठं उत्तर म्हणजे आजचा भाग.

आधी टाका म्हणजे काय ते नीट बघू. सुईवरचा प्रत्येक टाका म्हणजे धाग्याचा एक फास. घोड्यावर माणूस बसतो तसा तो सुईवर बसलेला असतो. एक पाय सुईच्या पुढे, तुमच्या बाजूला, आणि दुसरा पाय सुईच्या मागे. हे दोन पाय अगदी समोरासमोर नसतात. एक पाय सुईच्या टोकाच्या जरा जवळ असतो, दुसरा जरा लांब. आता हे बघा: तुमच्या डाव्या सुईवरचा पहिला टाका घ्या, हलकेच पसरवा, आणि टोकाकडचा पाय कुठे आहे ते शोधा. सुईच्या पुढे की मागे? डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढा आणि झूम करा. गडद रंगाची लोकर असेल तर टॉर्च लावा. काळ्या लोकरीवर शिकू नका, हा माझा फुकटचा सल्ला आहे. पहिली वीण पांढऱ्या नाहीतर फिक्या रंगाचीच घ्या.

"उजवा पाय, डावा पाय" असं मी मुद्दाम म्हणत नाही, कारण डावखुऱ्यांचा त्यात घोळ होतो. टोकाकडचा पाय, एवढंच लक्षात ठेवा. आजच्या भागातली सगळी गंमत त्या एका पायात आहे.

इंग्रजी व्हिडिओंमध्ये जी पद्धत सर्रास दाखवतात, तिच्यात टोकाकडचा पाय कायम सुईच्या पुढे असतो. म्हणून त्या बायका सुलट टाका घालताना सुई पुढून आत घालतात. फास मोकळा उघडतो, त्यातून धागा ओढला की टाका सरळ बसतो. पण समजा टोकाकडचा पाय मागे असला आणि तरीही तुम्ही सुई पुढूनच घातली, तर काय होईल? फासाला पीळ बसेल. तोच तुमचा मांडी घातलेला टाका.

मग काहींचा टोकाकडचा पाय मागे का जातो? कारण आहे उलट टाका. उलट टाका घालताना धागा सुईवर दोन प्रकारे घेता येतो. एक प्रकार म्हणजे धागा सुईच्या वरून मागे न्यायचा, खालून पुढे आणायचा आणि मग टाका ओढायचा. व्हिडिओत बहुतेक वेळा हाच दिसेल. दुसरा प्रकार म्हणजे धागा सुईच्या खाली ठेवायचा, सुईचं टोक धाग्यावरून न्यायचं आणि धागा उचलून घ्यायचा. हा दुसरा प्रकार हाताला फार सोपा जातो, कमी हालचालीत होतो. पण त्याने टाका सुईवर फिरून बसतो, म्हणजे पुढच्या ओळीत टोकाकडचा पाय मागे दिसतो. आमच्या घरी ओळीला सुईच म्हणतात, "दहा सुया विणल्या" म्हणजे दहा ओळी, त्यामुळे माझ्या तोंडून तसं निघालं तर समजून घ्या.

आता यावरून एक खरी गोष्ट सांगते. ही सांगायची की नाही असा विचार करत होते, पण काकूनेच परवानगी दिली आहे.

माझी धाकटी काकू नाशिकला असते. चाळीस वर्षं विणतेय. आमच्या घरातल्या एकूण एक बाळाचं टोपडं तिच्या हातचं आहे. नाशिककडची थंडी तुम्हाला माहिती असेल, डिसेंबर-जानेवारीत पहाटे द्राक्षाच्या बागांमध्ये शेकोट्या पेटतात. त्यामुळे तिचे स्वेटर कधी नुसते कौतुकाचे नव्हते, ते घालून मुलं शाळेत गेली आहेत. तर तिला नात झाली, आणि लेकीने फोटो पाठवला की आई, अशी बिनशिवणीची गोल टोपी हवी. ती विणतात सर्क्युलर सुईवर, म्हणजे दोन सुया मधल्या लवचिक वायरने जोडलेल्या असतात आणि तुम्ही न वळता गोल गोल विणत जाता. काकूने आधी सगळं दोन सरळ सुयांवर केलेलं. म्हणून ती हौसेने एका विणकामाच्या वर्गाला गेली. पैसे भरून.

तिथे तिची टोपी जमेना. घट्ट होत होती, ताणली जात नव्हती, आणि टाक्यांच्या उभ्या रेषा सरळ वर न जाता जिलबीसारख्या तिरक्या चालल्या होत्या. शिकवणाऱ्या बाईंनी बघितलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "काकू, तुमचा पाया चुकीचा आहे. सुरुवातीपासून सगळं पुन्हा शिकावं लागेल."

काकू घरी आली आणि सुयांची पिशवी तिने कपाटावर टाकली. तो अख्खा हिवाळा तिने एक टाका घातला नाही. नातीची टोपी बाजारातून आली. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "अगं, चाळीस वर्षं चुकीचंच विणत होते म्हणे मी. कोणी सांगितलंच नाही." हे ती हसत म्हणाली, पण मला ते वाक्य फार लागलं.

आणि त्याहून जास्त मला ते पटेना. रोजचं काम कोडमधले दोष शोधण्याचं असल्यामुळे असेल, पण एखादी गोष्ट चाळीस वर्षं बरोबर चालते आणि एका नव्या जागी नेल्यावर बिघडते, तेव्हा "सगळंच चुकीचं होतं" हे उत्तर मला आळशी वाटतं. काय बदललं ते आधी बघायला हवं. (आणि नाही, विणकाम म्हणजे कोडिंग नव्हे. हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. कोड लिहून थंडी जात नाही.)

संक्रांतीला नाशिकला गेले तेव्हा काकूला म्हटलं, "काकू, मला दोन सुयांवर चार ओळी विणून दाखव, बाकी काही नको." ती आधी तयारच होईना. मग चहाबिहा झाल्यावर पिशवी काढली. मी तिच्या हातांचा मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घेतला आणि आम्ही दोघींनी तो थांबवत थांबवत बघितला. तुम्हीही हे नक्की करून बघा. आईचा, आजीचा हात इतका वेगाने चालतो की नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही, आणि त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही की त्या काय करतात. व्हिडिओ हळू केला की सगळं दिसतं.

दिसलं काय? काकू उलट टाका घालताना धागा खालून उचलते. म्हणजे तिचे उलट ओळीतले सगळे टाके टोकाकडचा पाय मागे ठेवून बसतात. आणि पुढच्या सुलट ओळीत ती सुई पुढून घालतच नाही, ती मागून घालते! टोकाकडचा पाय मागे आहे, सुईही मागून जाते, फास मोकळा उघडतो, टाका सरळ. वजा गुणिले वजा अधिक. तिचे स्वेटर सपाट आणि स्वच्छ का दिसतात, ते त्या व्हिडिओत कळलं.

मग टोपी का बिघडली? गोल विणताना कापड वळवावं लागत नाही. सरळ बाजू कायम तुमच्याकडेच असते, त्यामुळे साध्या विणीत उलट ओळ येतच नाही, नुसतं सुलट सुलट सुलट. आणि काकूची सुलट ओळ टाक्याचा पाय पुढे ठेवूनच बसवते. पण तिचा हात चाळीस वर्षांच्या सवयीने सुई मागूनच घालत होता. प्रत्येक टाक्याला पीळ. पीळ बसलेली वीण कमी ताणली जाते, म्हणून टोपी घट्ट. आणि सगळे पीळ एकाच दिशेने बसले की कापड तिरकं फिरतं, म्हणून ती जिलबी.

दुरुस्ती केवढी होती माहितीये? "काकू, गोल सुईवर असताना सुई पुढून घाल." बस. पायाबिया काही बदलायचा नव्हता.

काकूने पाच-सहा गोल विणून बघितले, टाके सरळ आले. मग ती म्हणाली, "म्हणजे मी होते तशीच आहे. सुई गोल झाली."

आता, हे काही मी लावलेले शोध नाहीत. मेरी थॉमस नावाच्या ब्रिटिश लेखिकेचं 1938 सालचं विणकामाचं पुस्तक आहे, "मेरी थॉमसेस निटिंग बुक". त्यात तिने टाका बसवण्याच्या तीन पद्धती सरळ शेजारीशेजारी मांडल्या आहेत. पाश्चात्त्य, पौर्वात्य आणि दोन्हींची मिळून झालेली संमिश्र. काकूची पद्धत ही ती तिसरी. इंग्रजीत तिला आज कॉम्बिनेशन निटिंग म्हणतात. 2004 साली ॲनी मोडेसिट या अमेरिकन विणकर्तीने याच पद्धतीने विणणाऱ्यांसाठी पुस्तक काढलं, आणि नाव काय ठेवलं? "कन्फेशन्स ऑफ अ निटिंग हेरेटिक". हेरेटिक म्हणजे धर्मबाह्य, पाखंडी! म्हणजे तिकडेही या लोकांना बोलणी खावी लागतात, हे उघड आहे.

आणि जगात पद्धती काय कमी आहेत? पोर्तुगालमध्ये आणि पेरूमध्ये धागा मानेमागून घेऊन विणतात. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियाच्या डोंगराळ भागात पारंपरिक पायमोज्यांवर मुद्दाम पीळ घातलेल्या टाक्यांची नक्षी काढतात, म्हणजे ज्याला त्या वर्गात "चूक" म्हटलं, तीच तिथे कलाकुसर आहे. गाडी रस्त्याच्या डावीकडून चालवायची की उजवीकडून, यात बरोबर-चूक काही नाही. पण पुण्याच्या रस्त्यावर एकाने उजवीकडून चालवली तर काय होईल? बरं, पुण्यात तसे बरेच चालवतात, ते उदाहरण राहू दे.

मुद्दा असा की तुम्ही जेव्हा उलट ओळ आईसारखी विणता आणि सुलट ओळ व्हिडिओसारखी, तेव्हा पीळ बसतो. तुम्हाला आलेला प्रॉब्लेम हाच आहे. एक तर दोन्ही आईचं घ्या, नाहीतर दोन्ही व्हिडिओचं. व्हिडिओसारखी, सुई पुढून घातलेली सुलट ओळ मफलरला चालते बरं का. सगळ्या ओळी सुलट असतील तर उलट टाका येतच नाही. हा प्रश्न पहिल्या मफलरला येत नाही आणि पहिल्या स्वेटरला येतो, त्याचं कारण हे.

आणि एक गोष्ट मला नीट सांगायची आहे, कारण ती कोणी सांगत नाही: आईच्या पद्धतीचे फायदे आहेत. वरून गुंडाळलेल्या उलट टाक्याला धागा किंचित जास्त लागतो, त्यामुळे अनेकांच्या उलट ओळी सैल आणि सुलट ओळी घट्ट पडतात, कापडावर आडवे पट्टे उमटतात. खालून उचललेल्या टाक्याला धागा कमी लागतो, वीण एकसारखी येते. दुसरा फायदा टाके कमी करताना. स्वेटरचा व्ही गळा विणताना एका बाजूची घट डावीकडे झुकलेली लागते. व्हिडिओतल्या बाईला त्यासाठी दोन टाके एकेक करून दुसऱ्या सुईवर घ्यावे लागतात, त्यांचे पाय फिरवावे लागतात, मग परत सुई घालून ते एकत्र विणावे लागतात. काकूच्या सुईवर ते टाके आधीच तसे बसलेले असतात. ती सरळ दोन टाके मागून एकत्र विणते, झालं. उलटपक्षी उजवीकडे झुकणारी घट मात्र तिला पाय फिरवून करावी लागते. तेव्हा इंग्रजी पॅटर्नमध्ये "दोन एकत्र" असं लिहिलेलं दिसलं तर आंधळेपणाने करू नका. घट कुठे झुकायला हवी ते फोटोत बघा आणि तशी करा.

अजून एक छोटी पण डोकं फिरवणारी गोष्ट, सुयांचे नंबर. आपल्या दुकानात जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर मोठा तितकी सुई बारीक. आपली 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर, 10 नंबरची सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकन नंबर बरोबर उलटे: तिकडची 8 म्हणजे 5 मिलिमीटर आणि 10 म्हणजे 6. व्हिडिओत "साइज 10" ऐकून दुकानातून 10 नंबर आणलीत तर जवळजवळ निम्म्या जाडीची सुई घरी येईल. नंबर विसरा, मिलिमीटर विचारा.

आणि दुकानात "लोकर" म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. वाईट नाही, मशीनमध्ये धुता येतं, स्वस्त आहे. पण शंका असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून, बेसिनवर, काडीने पेटवून बघा. खरी लोकर जळालेल्या केसांसारखा वास मारते आणि चुरगळणारी राख होते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. बाळासाठी विणत असाल तर हे माहिती असलेलं बरं. हे मोठ्या माणसासमोर करा, गॅलरीत वाऱ्यावर करू नका.

आता सरावासाठी एक वीण देते. ही मुद्दाम निवडली आहे, कारण हिच्यात दोन्ही प्रकारचे टाके एकाच ओळीत समोर येतात आणि टोकाकडचा पाय बघितल्याशिवाय गत्यंतर नाही. लिहून घ्या. 4 मिलिमीटरची सुई, मध्यम जाडीची लोकर, साधारण 200 ग्रॅम. 47 टाके घाला. प्रत्येक ओळ एकच: दोन सुलट, दोन उलट, असं करत जा, शेवटी तीन टाके उरतील, त्यात दोन सुलट, एक उलट. वळा आणि पुन्हा तेच. सगळ्या ओळी सारख्याच, मोजायचं काही नाही. टाक्यांची संख्या चारच्या पटीत अधिक तीन अशी असल्यामुळे नक्षी दर ओळीला एका टाक्याने सरकते, आणि नेहमीच्या दोन-दोनच्या बॉर्डरपेक्षा जाड, दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी, कडा न वळणारी वीण तयार होते. मफलरला अगदी योग्य. रुंद हवा असेल तर चार-चारने टाके वाढवा. कृपा करून मफलर एक सुलट ओळ, एक उलट ओळ असा विणू नका, तो गुंडाळून नळी होतो आणि कितीही इस्त्री करा, परत नळीच.

विणताना नियम एकच. प्रत्येक टाक्याजवळ आलात की बघा, टोकाकडचा पाय पुढे आहे की मागे. पुढे असेल तर सुई पुढून, मागे असेल तर मागून. सुलट असो वा उलट. आईची पद्धत असो, व्हिडिओची असो, किंवा तुमच्या हाताने दोन्हींची खिचडी केलेली असो, हा नियम पाळलात तर एकाही टाक्याला पीळ बसणार नाही. पहिल्या वीस ओळी कंटाळवाण्या जातील. नंतर बोटांनाच कळायला लागतं, बघावं लागत नाही.

काकूचं विचाराल, तर तिने पिशवी खाली काढली आहे. गोल टोपी झाली, नातीला जरा मोठी झाली, पण पुढच्या वर्षी बसेल. त्या वर्गाला मात्र ती परत गेलेली नाही. मी म्हटलं, "चल, जाऊन दाखवून येऊ." तर म्हणाली, "मला कोणाला काही दाखवायचं नाहीये." मी आग्रह केला नाही.

तुमच्या घरात कोणी विणत असेल तर त्यांच्या हातांचा एक मिनिटाचा स्लो मोशन व्हिडिओ काढा, एकदा सुलट ओळीचा, एकदा उलट ओळीचा. त्यांना विचारून, अर्थात. मला पाठवलात तर कोणती पद्धत आहे ते आपण मिळून शोधू. चेहरा नको, फक्त हात. पुढच्या भागात चार सुयांवरचे पायमोजे घेणार आहे, टाचेपाशी सगळे अडकतात म्हणून टाचेपासूनच सुरू करू. तोपर्यंत 47 टाके घालून ठेवा. भेटू!